पहिला डोळा, दुसरा डोळा

आत्याने चष्मा उलटा लावला तेव्हा सगळ्यात आधी बाबा हसले.

झालं असं, की जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली बसून ती एका राखाडी पँटला रफू करत होती. सुईत दोरा काही केल्या जाईना. वैतागून तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि न बघताच पुन्हा नाकावर ठेवला, तर दांड्या कानांवरून आभाळाकडे. दोन्ही हात अडकलेले, म्हणून तिने नाक आक्रसून तो कसाबसा सांभाळला. आणि तेवढ्यात दोरा सुईतून पार झाला.

“ताई, आता फक्त डोक्यावर उभं राहून शिवायचं बाकी राहिलंय,” बाबा म्हणाले. आई तोंडाला हात लावून हसली.

“हसा हसा. पण गेला ना दोरा?” आत्या म्हणाली.

मास्तरीणही हसली. मास्तरीण म्हणजे या घरातली मुलगी. कोण काय चुकीचं बोललं हे तिला लहानपणापासून लगेच कळायचं, आणि ते सांगितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. म्हणून हे नाव आत्यानेच ठेवलं होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर तर ते कायमचंच चिकटलं. आता ती चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. ती ताटल्या पुसत होती. हसता हसता तिचा हात थांबला.

चष्मा उलटा केला की उजवी काच डाव्या डोळ्यावर येते आणि डावी उजव्यावर. यात पदवीचं काही काम नाही, कुणालाही कळेल. पण मग उलट्या चष्म्यातूनच सुईचं भोक कसं दिसलं, हा पुढचा प्रश्न त्या घरात फक्त तिलाच पडला.

“आत्या, पुन्हा एकदा तसाच लाव बरं. गंमत म्हणून.”

आत्याला वाटलं, ही पण चेष्टा करतेय. तरी तिने लावला. मास्तरणीने औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं तिच्यासमोर धरली. सरळ चष्म्यातून आत्याने चाचपडत दोन शब्द वाचले आणि डोळे चोळले. उलट्या चष्म्यातून पत्त्यासकट सगळं लेबल घडाघडा वाचून दाखवलं.

“तुझ्या लॅबवाल्यांना सांग, एवढी अक्कल असेल तर दांड्याही उलट्याच लावत जा,” ती म्हणाली आणि पुन्हा पँटकडे वळली. ही तिची शेवटची पँट होती. महिनाअखेरीला ती काम सोडणार होती.

आत्या लग्नाच्या भानगडीत कधी पडलीच नाही. भावाच्या घरात राहिली, पण स्वतःच्या कामावर. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, तिचं एक बाकडं होतं. इस्त्रीला आलेल्या कपड्यांत कुठे भोक, कुठे सिगारेटचा डाग, कुठे खिसा फाटलेला, ते सगळं तिच्याकडे यायचं. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढून ती असं रफू करायची, की गिऱ्हाईक स्वतःचं भोक शोधत बसायचं. मग नंबर वाढला. मास्तरणीनेच तिला नेऊन नवा चष्मा करून दिला. जी दुकानं तिच्या लॅबला काम देत होती, त्यातल्याच एका साखळीच्या, म्हणजे गावभर शाखा असलेल्या, दुकानातून.

तेव्हापासून आत्याचं डोकं दुखायला लागलं. टाके डोळ्यांसमोर पोहायचे. पायरी उतरताना पाय चुकायचा. तिने दोनदा, चारदा सांगितलं. मास्तरणीने दर वेळी तेच ऐकवलं. नव्या काचांची मेंदूला सवय व्हावी लागते. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असले की जास्त वेळ लागतो. काढ-घाल करू नकोस, सारखा लावून ठेव. एकदा तर तिने कागदावर डोळ्याची आकृती काढून दाखवली होती.

आत्याने सारखा लावून ठेवला. आणि तोच लावून एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या कोटावर रफू केलं. कोट परत आला. पाठीवर जखम शिवल्यासारखी दिसत होती. लाँड्रीवाला तिला एक शब्द बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने आपणहूनच सांगून टाकलं, की डोळे संपले, आता जागा दुसऱ्या कुणाला द्या. त्याने ती एका चावीवाल्याला कबूल केली.

घरात त्या दिवशी मास्तरीण काय म्हणाली होती? “वय झालं की होतंच गं आत्या. किती वर्षं डोळे फोडून घेणार?” प्रेमाने म्हणाली होती.

*

लॅब म्हणजे काचा घासण्याची जागा. पांढऱ्या दिव्यांची लांबच लांब खोली, पाण्याच्या फवाऱ्याखाली फिरणारी यंत्रं, आणि ट्रेमधून पुढे सरकणाऱ्या काचांच्या जोड्या. पूर्वी दुकानं नंबर कळवायची ती फोनवरून, मेलवरून, नाहीतर कुठल्यातरी स्प्रेडशीटमधून. एक बाई ते सगळं हाताने टाइप करायच्या. मग मोठ्या साखळ्यांनी सांगितलं, की आता आमचे कॉम्प्युटर थेट तुमच्या कॉम्प्युटरशी बोलणार. याला ईडीआय म्हणतात. दुकानात नंबर भरला, की ठरलेल्या साच्यातला मेसेज निघणार. आकडे, अधिकची चिन्हं, पुन्हा आकडे. माणसाला वाचायला अगदी रुक्ष, पण यंत्राला सोपा.

तो मेसेज उलगडायचा, त्यातली कुठली किंमत डेटाबेसच्या कुठल्या रकान्यात जाईल ते ठरवायचं, आणि ऑफिसातल्यांना बघायला तेच सगळं स्प्रेडशीटमध्ये उतरवायचं, हे काम मास्तरणीचं. एका बाजूला त्यांची नावं, दुसऱ्या बाजूला आपली, आणि मधे रेघा ओढून जोडणी करायची. तिला ते काम मनापासून आवडायचं. दोन अनोळखी माणसांची ओळख करून दिल्यासारखं वाटायचं.

बहुतेक दुकानांच्या मेसेजमध्ये उजव्या आणि डाव्या डोळ्यासाठी वेगळं अक्षर असे. या एका साखळीच्या मेसेजमध्ये नुसतं एक आणि दोन होतं. पहिला डोळा, दुसरा डोळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन तिने संगणक उघडला आणि तिची नजर त्या एक-दोनच्या रेघेवर गेली. रेघ कशी ओढली ते तिला लख्ख आठवत होतं. तिने साखळीच्या ऑफिसात फोन लावला होता. बराच वेळ होल्डवरची वाजंत्री ऐकू आली, मग तिने ठेवून दिला. त्यांची एक जुनी स्प्रेडशीट तिच्याकडे होती, तिच्यात दोन रकाने शेजारी शेजारी होते. डावीकडचा पहिला. डावीकडचा म्हणजे डावा डोळा, आणखी काय असणार? पण डोळे तपासणारा माणूस समोर बसतो. त्याला गिऱ्हाइकाचा उजवा डोळा स्वतःच्या डाव्या हाताला दिसतो, आणि तो तसाच लिहितो. या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. विचारलं असतं तर शिपायानेही सांगितलं असतं.

आणि चाचणी? चाचणी तिने नीट घेतली होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. दुकानातून एक खोटी ऑर्डर पाठवायला लावली, काच घासून घेतली, मोजून पाहिली. सगळं बरोबर. फक्त त्या ऑर्डरीत तिने स्वतःचाच नंबर दिला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच आहे.

तेवढ्यात भिंगकाका आले. तयार झालेली प्रत्येक काच शेवटी यांच्या हाताखालून जायची, म्हणून हे नाव. तिने त्यांना आत्याच्या चष्म्याचं काम आठवतं का विचारलं. ते म्हणाले, “मला माणसं नाही आठवत, पोरी. चिठ्ठीत जे लिहिलंय ते काचेत आहे की नाही, एवढंच मी बघतो. आणि ते असतंच.” ते अगदी खरं होतं. चिठ्ठी तिच्या जोडणीतून छापून यायची.

आता तिने साखळीत पुन्हा फोन लावला आणि वाजंत्री संपेपर्यंत थांबली. पलीकडच्या मुलीने सहज सांगितलं, एक म्हणजे उजवा. हो, पहिल्यापासून. का?

मास्तरणीने रेघ बदलली. दोन क्लिक लागले. मग तिने डेटाबेसला विचारलं, की या साखळीच्या किती ऑर्डरींमध्ये दोन डोळ्यांचे नंबर वेगळे होते. उत्तर खाली सरकत राहिलं, पडदा संपला तरी सरकत राहिलं. दोनशेच्या वर. किंचित फरक असलेले त्यात पुष्कळ होते, त्यांना कदाचित कळलंही नसेल. पण आत्यासारखेही होते.

सर म्हणजे लॅबचे मालक. ती सांगायला गेली तेव्हा ते नव्या यंत्राची माहिती वाचत होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, की आजपासून बरोबर जातंय ना.

“हो सर. पण आधीचे...”

“ज्यांना त्रास होईल ते दुकानात येतील. आले की काचा बदलून देऊ, कुरकुर न करता. बाकीच्यांना सवय होऊन जाते.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुला काय वाटतं, नाही होत?”

हे वाक्य तिचंच होतं. तिनेच ते आत्याला पुन्हा पुन्हा ऐकवलं होतं. ती “बरं सर” म्हणाली आणि बाहेर आली.

त्या दुपारी तिने आत्याच्या काचा स्वतः उभी राहून करून घेतल्या. भिंगकाकांनी मोजल्या. तिने पुन्हा मोजल्या. काका म्हणाले, “विश्वास उडाला वाटतं?” ती म्हणाली, तुमच्यावरचा नाही.

*

संध्याकाळी तिने चष्मा आत्याच्या हातात दिला. म्हणाली, जरा नीट बसवून आणलाय. हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते तिला सापडलं होतं.

आत्याने लावला. टेबलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग खिडकीच्या पडद्याच्या विणीकडे. पडद्यापाशी जाऊन ती बराच वेळ उभी राहिली.

“अगं, सवय झाली की मला,” ती वळून म्हणाली. “तू म्हणत होतीस तेच खरं. मीच मेली धीर नसलेली.”

मास्तरणीने मान डोलावली. एवढीशी, कळेल न कळेल अशी. बाबा म्हणाले, बघ, शिकलेल्या माणसाचं ऐकावं कधीतरी. आईने चहा ठेवला. आत्या त्या दिवशी खूप बोलत होती, उद्याच लाँड्रीत जाते म्हणाली. मास्तरीण आंघोळीच्या निमित्ताने उठून गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आत्या सकाळी केस नीट विंचरून गेली आणि लगेच परत आली. लाँड्रीवाला चांगलं बोलला म्हणे. बसा म्हणाला, पाणी विचारलं. पण त्याचंही बरोबर आहे. डोळे काल गेले, आज आले, उद्या पुन्हा गेले तर? लोकांचे कपडे आहेत. शिवाय त्याने चावीवाल्याला शब्द दिलाय.

“बरोबरच आहे त्याचं,” आत्या पुन्हा म्हणाली आणि शेंगा सोलायला बसली. सोललेले दाणे आणि टरफलं ती एकाच भांड्यात टाकत होती. मास्तरणीने ते पाहिलं. मग तिच्याने बसवेना.

“आत्या, चप्पल घाल. लाँड्रीत जाऊन येऊ. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

“तू काय बोलणार? भांडू नकोस हं.”

रस्ताभर मास्तरीण एक वाक्य घोटत होती. लॅबकडून चूक झाली. चांगलं वाक्य होतं. त्यात मोठी खोली होती, यंत्रं होती, बरीच माणसं होती.

लाँड्रीत वाफ भरली होती. वर सळईला कपडे, प्रत्येकाला टाचणीने लावलेला नंबर. खिडकीपाशी आत्याचं बाकडं अजून होतं, पण त्यावर चावीवाल्याचं यंत्र खोक्यातच आणून ठेवलं होतं. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि हात पुसत पुढे आला.

मास्तरणीने सांगितलं, की हिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. काचा उलट्या होत्या. उजव्या डोळ्याची डाव्याला, डाव्याची उजव्याला. डोळे शाबूत असलेलं कुठलंही माणूस तसा चष्मा लावून कोट बिघडवेल.

“असं कसं? कुणी बसवल्या अशा?” त्याने विचारलं.

घोटलेलं वाक्य जिभेवर तयार होतं.

“मी,” ती म्हणाली.

मग सगळंच सांगावं लागलं. मेसेज, एक आणि दोन, ठेवून दिलेला फोन, स्वतःचा नंबर. लाँड्रीवाल्याला त्यातलं निम्मं कळलं असेल. त्याला जे कळायला हवं होतं ते कळलं. आत्या खोक्यावरचं चावीचं चित्र बघत होती.

लाँड्रीवाला डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, की शब्द फिरवणं मला जमणार नाही, खिडकी आता त्याची. पण आत, गाठोड्यांच्या मागे, एक बाकडं मावेल. उजेड नाही तिथे, ट्यूब लावावी लागेल. चालत असेल तर सोमवारी या, बाई.

“चालेल,” आत्या म्हणाली.

परत येताना ती जरा पुढेच चालत होती. मास्तरीण मागून म्हणाली, “आत्या, माझं चुकलं.”

“ते ऐकलं मी. त्याच्यासमोर ऐकलं.” आत्या थांबली. “घरात सांगता आलं नाही तुला? आधी मला एकटीला?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं आणि ते फार छोटं होतं. एकटीला सांगायची भीती वाटली. लाँड्रीवाल्यासमोर आत्या रडणार नाही, बोलणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणजे कबुलीही तिने स्वतःला सोपी पडेल अशीच दिली होती.

“काचा उलट्या झाल्या त्याचं मला काही नाही गं,” आत्या म्हणाली. “माझंही कितीदा उलटं शिवलंय. उसवायचं, पुन्हा शिवायचं. पण मी म्हणत होते दिसत नाही, तर तू मला चित्रं काढून दाखवत होतीस. आणि काल मी म्हटलं सवय झाली, तर तू मान हलवलीस.”

एक सायकलवाला घंटी वाजवत दोघींच्या मधून गेला.

“आणखी किती आहेत माझ्यासारखे?”

मास्तरणीने सांगितलं.

“त्यांना सांगितलं?”

“सर म्हणाले, त्रास झाला तर येतील.”

“मी आले होते का?” आत्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागली.

*

सोमवारी मास्तरीण सरांकडे गेली आणि या वेळी बसली. म्हणाली, की ज्यांना त्रास होतोय ते येत नाहीत सर, ते स्वतःलाच दोष देऊन काम सोडतात. सर चिडले. साखळीने काम काढून घेतलं तर कोण जबाबदार, असं विचारलं. ती म्हणाली, मी, आणि तसं लिहूनही देते. सरांनी पेनाचं टोपण दोन-चारदा उघड-मीट केलं. मग म्हणाले, पाठव सगळ्या दुकानांना कळवून. पण दुकानांतून फोन येतील ते तू घ्यायचे. गिऱ्हाइकांचे आले तर तेही. मी घेणार नाही.

जोडणी दोन्ही बाजूंनी चालते. जिकडून ऑर्डर येते तिकडे मेसेजही जातो. मास्तरणीने डेटाबेसमधून ती सगळी कामं काढली, जास्त फरकाची वर, कमी फरकाची खाली, आणि प्रत्येकामागे एक ओळ जोडली. काचा अदलाबदल झाल्या आहेत, चूक लॅबची आहे, बदलून मिळतील, गिऱ्हाइकाला आजच कळवा. पाठवण्याआधी तिने एका दुकानात फोन करून ती ओळ तिथे कशी दिसते ते वाचून घेतलं. खाली स्वतःचा फोन नंबर दिला होता, तो पुन्हा म्हणायला लावला.

पहिले फोन दुकानांचे आले. ते सोपे होते. लोक ओरडले, ती ऐकत राहिली.

दुपारी एका बाईंचा आला. त्या रंगाऱ्याचं काम करत होत्या, दारं-खिडक्या रंगवायचं. आवाज थकलेला होता. दुकानाने कळवलं म्हणाल्या, पण नीट समजलं नाही. शिडीवर चढलं की जमीन वर येते असं वाटायचं. मुलगा म्हणाला आता शिडी सोड, तर सोडली. घरीच असते. म्हणजे ते चष्म्यामुळे होतं का?

“हो,” मास्तरीण म्हणाली.

“दुकानात मी विचारलं होतं. ते म्हणाले, सवय होईल.”

“सवय होणार नव्हती. तुमच्या काचा उलट्या आहेत. त्या मी उलट्या केल्या.”

मागे यंत्रांवर पाण्याचा फवारा चालू होता, आणि भिंगकाका ट्रे हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे राहिले होते.

“तुम्ही मुद्दाम नसेल केलं,” बाई म्हणाल्या.

“नाही. पण विचारलंही नाही.”

“हं.” मग त्या म्हणाल्या, “माझी शिडी मुलाने देऊन टाकली हो.”

या वेळी मास्तरणीने काही समजावून सांगितलं नाही. ती फोन कानाला लावून तशीच बसून राहिली, आणि बाई बोलत होत्या तेवढा वेळ ऐकत राहिली.